पंचविशीत लेखणी ठेवणारा सिराज

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आपल्या शहरातून खुलताबादकडे जी गर्दी पायी निघते, त्यात निम्मे तरी कॉलेजवाले असतात. भद्रा मारुतीला चालत जायचं, पहाटे दर्शन घ्यायचं, चहा-भजी खायची आणि मिळेल त्या गाडीने परत येऊन दुपारपर्यंत झोपायचं. ज्यांनी ही वारी केलीय त्यांना माहितीये, पहिले काही किलोमीटर नुसता कल्ला असतो. दौलताबाद मागे पडलं, घाट सुरू झाला की हळूहळू गप्पा बंद होतात. मग प्रत्येक जण कानात इअरफोन घालतो आणि आपापल्या गाण्यात, आपापल्या आठवणीत चालायला लागतो. कुणाचा ब्रेकअप झालेला असतो, कुणाचा बॅकलॉग राहिलेला असतो, कुणाला घर आठवत असतं. बोलत कुणीच नाही. गाणं ते काम करतं.

या रस्त्याच्या शेवटी, खुलताबादला, साधारण तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच शहरातला एक मुलगा रात्र-रात्र भटकायचा. वय बारा-तेरा. त्याच्या कानात इअरफोन नव्हते. त्याच्या तोंडून कविता बाहेर पडत होत्या आणि त्या लिहून घ्यायला शेजारी कुणीच नव्हतं.

त्याचं नाव सय्यद सिराजुद्दीन. जग त्याला सिराज औरंगाबादी म्हणतं. सिराज म्हणजे दिवा. त्याची एक गझल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेली आहे, फक्त ती त्याची आहे हे माहीत नसेल. प्रेमात माणूस थक्क होतो त्या अवस्थेची बातमी सांगणारी ती गझल आबिदा परवीन यांनी गायली, फरीद अयाज आणि अबू मोहम्मद या कव्वालांनी गायली. यूट्यूबवर तिच्याखाली जगभरातल्या लोकांच्या कॉमेंट्स आहेत. आणि आपण गुलमंडीवर उभे राहून तीच गझल ऐकत असतो, तरी ती लिहिणारा पोरगा इथलाच होता हे आपल्या गावी नसतं.

(एक खुलासा. मी त्याला अहो-जाहो करणार नाहीये. गालिबला आपण अरे-तुरे करतो, तुकोबाला करतो, मग सिराज तर गाववाला.)

राजधानीतला पोरगा

सिराजचा जन्म १७१२ ते १७१५ च्या दरम्यानचा. औरंगजेब १७०७ मध्ये गेला, म्हणजे त्याला जाऊन पाच-आठ वर्षंच झालेली. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीच्या जागी वसवलेलं हे शहर तेव्हा नुसतं जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं. १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने दख्खनवर आपला अंमल बसवला आणि हे शहर त्याची राजधानी झालं. सरदार, सैनिक, कारकून, व्यापारी, फकीर, उत्तरेतून आलेले विद्वान, सगळे इथे. पाणचक्कीला बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया होता. नहरीच्या पाण्यावर पीठ दळणारी ती चक्की पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, पण त्या तकियात आझाद बिलग्रामींसारखा फारसी-अरबीचा मोठा विद्वान राहून लिहीत होता, हे पाहुण्यांना सांगायचं राहूनच जातं.

भाषांचं तर विचारूच नका. दरबाराची फारसी, बाजारातली दख्खनी, घराघरातली मराठी. याच शहरात याच काळात अमृतराय (१६९८-१७५३) कीर्तनात कटाव गात होते. त्यांच्या मराठीत हिंदुस्तानी शब्द इतक्या सहज येतात की आजचं आपलं कट्ट्यावरचं बोलणं आठवावं. एका बाजूला कीर्तन, दुसऱ्या बाजूला कव्वाली. दोन्हीकडे कविता कागदावरून वाचायची नव्हती, गळ्यातून ऐकायची होती.

शिवाय सिराजच्या आधी एक पिढी वली होऊन गेला होता. ज्याला आपण वली औरंगाबादी किंवा वली दख्खनी म्हणतो, तोच. वली १७०० मध्ये दिल्लीला जाऊन आला. पुढे १७२० च्या सुमारास त्याचा दिवाण, म्हणजे गझलांचा संग्रह, दिल्लीत पोचला आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या कवींना साक्षात्कार झाला की आपण रोज बोलतो त्या भाषेतही गझल होऊ शकते. उर्दू कवितेच्या इतिहासात हा केवढा मोठा टप्पा आहे! आणि तो दिल्लीकडून इकडे आलेला नाही, इकडून दिल्लीला गेलाय. सिराज या मातीत वाढत होता.

सात वर्षं

सुरुवात अगदी साधी होती. चांगलं घर, घरी शिक्षण, फारसी कवींचं वाचन. आणि मग बाराव्या-तेराव्या वर्षी काहीतरी झालं.

काय झालं, याला सुफी परंपरेत शब्द आहे : जज्ब. म्हणजे कुणीतरी आतून खेचून घेणं. सिराजने स्वतःच पुढे मोठेपणी या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. त्याचं भान सुटलं. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध राहिली नाही. घरात मन थांबेना. तो खुलताबादला, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आसपास भटकायला लागला. एक-दोन दिवस नाही, एक-दोन महिने नाही, सात वर्षं.

सात वर्षं म्हणजे किती, हे आपल्या हिशेबात मांडून बघा. आठवीत असताना सुरू झालं आणि पदवी हातात येईपर्यंत चाललं.

आज अशा मुलाला आपण डॉक्टरांकडे नेऊ आणि ते बरोबरच आहे. त्या अवस्थेला झगमगीत बनवायचा माझा अजिबात विचार नाही. त्या घरावर काय गेलं असेल? रात्री मुलगा कुठे आहे हेच माहीत नाही. शेजारीपाजारी काय बोलत असतील? कवीच्या चरित्रात या गोष्टी दोन ओळींत संपतात, घरात त्या सात वर्षं चालतात.

पण त्या सात वर्षांत एक गोष्ट घडत होती. त्या अवस्थेत त्याला फारसी शेर सुचत होते. सुचत होते म्हणण्यापेक्षा उसळून बाहेर येत होते. कुणी लिहून घेतले असते तर एक जाडजूड दिवाण झाला असता, असं त्याने नंतर नोंदवलंय. कुणी घेतले नाहीत. सगळे गेले.

मला या ठिकाणी नेहमी कागजीपुरा आठवतो. दौलताबादहून खुलताबादला जाताना लागतं ते गाव. हाताने कागद बनवणाऱ्यांचं गाव म्हणून त्याची शतकांची ओळख. चिंध्यांचा लगदा करून, चाळणीवर धरून, वाळवून कागद बनवायचा. म्हणजे शहर आणि दर्गा यांच्या मधल्या रस्त्यावर कागद तयार होत होता आणि रस्त्याच्या टोकाला कवितेचा एक आख्खा दिवाण हवेत विरत होता.

खुलताबादच का? त्याचं उत्तर थोडंफार जागेतच आहे. बुऱ्हानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. चौदाव्या शतकात देवगिरीला आले आणि १३३७ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. बुऱ्हाणपूर शहराचं नाव त्यांच्यावरून पडलंय. ते चिश्ती परंपरेतले. चिश्ती परंपरेत संगीत वर्ज्य नाही, उलट साधनेचा भाग आहे, आणि त्यातही बुऱ्हानुद्दीन यांचं संगीताचं वेड जास्तच. गाणं ऐकताना त्यांच्या सोबत्यांची डोलण्याची एक वेगळी ढब होती, ती त्यांच्याच नावाने ओळखली जायची. त्याच खुलताबादच्या मातीत अमीर हसन सिज्जी हा कवी आहे, अमीर खुसरोचा मित्र. निजामुद्दीन औलियांची संभाषणं बसून लिहून काढण्याचं काम त्याने केलं, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. ज्या गावात ऐकलेलं लिहून ठेवणारा माणूस विसावला होता, तिथेच सिराजचे शेर ऐकून सोडून दिले गेले.

संगीत ऐकण्याच्या या साधनेला समा म्हणतात. समाचे जुने नियम आहेत आणि ते मला फार आवडतात : योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबती. तिन्ही जुळलं तरच ऐकायचं. कव्वाल गात असतात आणि समोर बसलेल्यांपैकी एखाद्याला एखादी ओळ लागते. लागते म्हणजे अक्षरशः लागते. डोळ्यांतून पाणी येतं, अंग थरथरतं. मग कव्वालाने पुढे जायचं नाही. तीच ओळ परत, परत, परत म्हणत राहायचं, त्या माणसाचं वादळ शांत होईपर्यंत. कधी मध्येच दुसऱ्या कवीचा शेर गुंफायचा, त्याला गिरह म्हणतात, म्हणजे गाठ. आपण एखादं गाणं रात्री दोन वाजता रिपीटवर टाकतो ना, तेच. फरक एवढाच, की इथे रिपीटचं बटण दुसरा माणूस दाबतोय आणि तुमच्याकडे बघून दाबतोय.

मित्रासाठी लिहिलेल्या गझला

विशीच्या आसपास सिराज सावरला. १७३४ च्या सुमारास तो शाह अब्दुर रहमान चिश्ती यांचा मुरीद, म्हणजे शिष्य झाला. भटकणं थांबलं, आणि कविता सुरू झाली. आता फारसीत नाही, तर रेख्त्यात, म्हणजे ज्या भाषेला पुढे उर्दू म्हणू लागले तिच्यात.

त्याला लिहायला लावणारा एक माणूस होता, अब्दुल रसूल खान. दोघांचे पीर एकच, म्हणजे आपल्या भाषेत गुरुबंधू. सिराजच्या सांगण्यानुसार त्याने ही कविता या गुरुबंधूच्या आग्रहाखातर लिहिली. मला सिराजच्या अख्ख्या आयुष्यातली ही सगळ्यात जवळची गोष्ट वाटते. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतो. स्वतः लिहीत नाही, गात नाही, पण तुम्ही काही गुणगुणलात की म्हणतो, हे नोंदव, हे रेकॉर्ड कर, मला पाठव. खुलताबादच्या सात वर्षांत सिराजजवळ हाच माणूस नव्हता.

पुढची पाच-सहा वर्षं सिराजने लिहिलं. त्याच्या गझला वाचताना एक गोष्ट लगेच जाणवते, ती म्हणजे शब्द जड नाहीत. ज्याला उर्दूची लिपी येत नाही पण हिंदी गाण्यांवर वाढलाय, अशा कुणालाही देवनागरीत वाचून अर्ध्याहून जास्त कळतं. मधूनच दख्खनी वळण येतं आणि आपल्याला हसू येतं, कारण तसं वळण आजही शहागंजात ऐकू येतं.

आता त्या प्रसिद्ध गझलेकडे थोडं थांबून बघू. युवक महोत्सवात गझल म्हणणाऱ्यांसाठी आधी वृत्त सांगते. ललगालगा, ललगालगा, असं चार वेळा. फारसी-उर्दूत याला कामिल म्हणतात. दोन लघू पटकन पळतात, मग गुरूवर थबकतात, परत एक उडी, परत थबकणं. हे वृत्त तसं फार वापरात नाही, पण मोमिनची एक गाजलेली गझल यातच आहे. टाळीवर धरून बघा. कव्वाल लय वाढवतात तेव्हा हे वृत्त आपोआप घुमायला का लागतं, ते लगेच कळेल.

मग रदीफ. प्रत्येक शेराच्या शेवटी परत येणारा शब्द. या गझलेचा रदीफ म्हणजे मराठीत ज्याला आपण राहिली म्हणू, तो. काय राहिली, काय नाही राहिली, याचा हिशेब ही अख्खी गझल मांडत जाते. आठवणींचा हिशेब आणखी कसा असतो? एका शेरात मानाचा पोशाख आणि निर्वस्त्र होणं या दोन गोष्टी त्याने शेजारी-शेजारी ठेवल्यात. वर्गात शिकवताना याला रूपक म्हणतील. पण ज्याने तेराव्या वर्षी खरोखर कपड्यांची शुद्ध गमावली होती, त्याच्यासाठी ते रूपक होतं का? मला नाही वाटत. ती त्याला आठवणारी गोष्ट होती. दुसऱ्या एका शेरात कोनाड्यात ठेवल्या जागी राहून गेलेलं पुस्तक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री हा शेर ऐकू नका, एवढाच सल्ला देते.

आणि शेवटच्या शेरात त्याचं स्वतःचं नाव. गझलेच्या शेवटी कवी नाव गुंफतो ही पद्धतच आहे, पण ज्याचं नावच दिवा, त्याने स्वतःला जळून राख झालेलं दाखवलं की नाव आणि अर्थ एकाच जागी येतात. इथे चांगला गायक हमखास आवाज खाली आणतो.

या गझलेत तक्रार नाहीये. सात वर्षं ज्याने आयुष्य उलटंपालटं केलं, त्या गोष्टीबद्दल लिहिताना ना तो स्वतःची कीव करतो, ना मोठेपणा सांगतो. थक्क होऊन बघतो फक्त. लिहायला लागला तेव्हा ती वादळं मागे पडली होती, म्हणून हे जमलं असावं. वादळात असताना जे तोंडून बाहेर आलं ते हरवलं, आणि वादळ आठवून जे लिहिलं ते राहिलं.

थांब म्हटल्यावर

आणि इथे गोष्ट अडते. १७३९-४० च्या सुमारास, म्हणजे सिराज पंचविशीच्या आसपास असताना, त्याच्या पीरने त्याला कविता सोडायला सांगितली. सिराजने सोडली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. म्हणजे काय? ज्याला मोठ्या मुश्किलीने स्वतःला व्यक्त करायचा रस्ता सापडला, त्याला तुम्ही थांब म्हणता? घरी गिटार घेऊ न दिलेला एकेक मित्र आठवला. नाटक सोडायला लागलेल्या मैत्रिणी आठवल्या.

आता तितका राग येत नाही, पण पूर्ण पटलंय असंही नाही. चिश्ती दृष्टीने बघितलं तर कविता ही पायरी, मुक्काम नाही. माणूस स्वतःच्या दुःखाच्या सुंदर वर्णनावरच खूश होऊन तिथेच बसू शकतो, आणि लोक वाहवा करायला लागले की उठणं आणखी अवघड. रात्रीच्या स्टोरीवर दुःख टाकून सकाळी व्ह्यूज मोजणाऱ्या आपल्या पिढीला हे समजायला जड जाऊ नये. पण तरी वाटतं, तो आणखी वीस-पंचवीस वर्षं जगला. त्या वर्षांच्या गझला आपल्याला मिळाल्या नाहीत.

त्याचवेळी अब्दुल रसूल खानने आपलं काम केलं. सिराजच्या तोवरच्या गझला गोळा करून, रदीफच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे लावून त्यांचा दिवाण तयार केला. हे झालं नसतं तर खुलताबादच्या शेरांसारखंच हेही गेलं असतं, आणि मी आज दुसऱ्या कुणावर तरी लिहीत असते.

पण मन असं सांगितल्यावर थांबतं का? १७४७ मध्ये, म्हणजे लेखणी ठेवल्यावर सात-आठ वर्षांनी, सिराजने एक मोठी मसनवी लिहिली. 'बोस्तान-ए-खयाल', खयालांची बाग. मसनवी म्हणजे गोष्ट सांगणारी दीर्घ कविता, आपल्याकडच्या आख्यानासारखी. हिजरी सन होतं ११६०, आणि मसनवीत शेरही ११६०. एरवी मसनवीत राजपुत्र असतो, परी असते, समुद्रापलीकडचं राज्य असतं. सिराजच्या मसनवीत सिराज आहे. स्वतःचं प्रेम, ताटातूट, त्यानंतरची तगमग हे सगळं त्याने मी म्हणून सांगितलं, आणि शेवटी देवाकडे वळला. अठराव्या शतकाच्या मध्यावर, दख्खनमध्ये, एक माणूस स्वतःच्या मोडलेल्या मनाची गोष्ट कुठल्या राजपुत्राच्या आडून न सांगता सरळ सांगतोय. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक जण मी-मी करूनच लिहितो. तेव्हा ते विशेष होतं.

त्याने पीरचा शब्द मोडला का? मला वाटतं, गझलेची रोजची चूल त्याने विझवली ती विझवलीच. ही मसनवी म्हणजे आत जे साठलं होतं ते एकदा बसून, पूर्ण, सांगून टाकणं. हा माझा अंदाज आहे, अभ्यासक वेगळं म्हणू शकतील.

ऐकणारा सिराज

पुढचा सिराज हा लिहिणारा नाही, ऐकणारा आहे. त्याच्या तकियात दर आठवड्याला समाची मैफल भरायची. कव्वाल यायचे, गवई यायचे, शहरातले कवी आणि रसिक यायचे. ज्या मुलाला कधीकाळी ऐकणारं कुणी नव्हतं, तो आता इतरांना ऐकत बसायचा. आपली गोष्ट सांगून झाल्यावर दुसऱ्याची ऐकायला बसणं हे किती कमी लोकांना जमतं, हे ओपन माइकला गेलेल्या कुणालाही विचारा. स्वतःचं झालं की अर्धे लोक उठून कॉफीच्या लायनीत.

१७५५-५६ मध्ये त्याने आणखी एक काम पुरं केलं. वेगवेगळ्या फारसी कवींच्या दिवाणांतून निवडलेल्या शेरांचा संग्रह, 'मुंतखब दीवानहा'. आजच्या भाषेत, आयुष्यभर ऐकलेल्या-वाचलेल्यातून केलेली त्याची प्लेलिस्ट. त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःबद्दल थोडकं लिहिलं. ते भान सुटणं, बुऱ्हानुद्दीन यांचा दर्गा, हरवलेले शेर, गुरुबंधूचा आग्रह, पीरची आज्ञा. वर मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं आज कळतं ते त्या प्रस्तावनेमुळे. म्हणजे स्वतःच्या आयुष्याची हकिकत त्याने सांगितली तीही दुसऱ्यांच्या कवितांच्या पुस्तकात, पाहुण्यासारखी.

दिल्लीपर्यंत त्याचं नाव गेलं होतं. मीर तकी मीरने १७५२ मध्ये कवींचा जो परिचयग्रंथ केला, त्यात सिराजची नोंद आहे, पण अगदी जेमतेम. जास्त जिव्हाळ्याने लिहिलं ते आपल्याच शहरातल्या एका मुलाने. लक्ष्मीनारायण शफीक, आझाद बिलग्रामींचा शिष्य, जन्म १७४५. त्याने 'चमनिस्तान-ए-शुअरा' हा कवींचा परिचयग्रंथ केला १७६१-६२ मध्ये. वय मोजा, सोळा-सतरा. अकरावी-बारावीचं पोरगं. आणि ग्रंथ फारसीत. सिराज तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच्याबद्दल लिहिणारा त्याच्या मुलाच्या वयाचा, दुसऱ्या धर्माचा, एकाच शहरातला. आपल्या शहराबद्दल बातम्यांत जे येत असतं, त्यात हे कधी येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. दरबार गेला, त्याच्या मागे सरदार गेले, सरदारांच्या मागे कवी आणि गवई. एखाद्या कॉलेजातून फायनल इयरची आख्खी बॅच निघून गेल्यावर कट्टा जसा दिसतो, तसं शहर दिसत असेल. सिराज गेला नाही. एप्रिल १७६४ मध्ये तो इथेच वारला.

त्याचे गुरुबंधू, त्याचे कव्वाल, त्याची आठवड्याची मैफल, सगळं पांगलं. कविता हस्तलिखितांत राहिली आणि गळ्यांत राहिली. १९४० मध्ये हैदराबादला अब्दुल कादिर सरवरी यांनी त्याचं समग्र काव्य संपादित करून छापलं, तेव्हा ते पुस्तकात आलं. पण तोवर ती एक गझल पावणेदोनशे वर्षं गात-गात आली होती. कव्वाल तिच्यात इतर कवींचे शेर गुंफत आले, कुणी लय बदलली, कुणी राग. शब्द इकडचे तिकडे झाले असतील, पण शेवटच्या शेरातलं नाव मात्र कुणी गाळलं नाही.

पुढच्या श्रावणात घाट चढताना ती लावून बघा. साधारण कागजीपुऱ्यापासून सुरू करा, आबिदाबाईंच्या संथ गाण्यात.